सारखं आजारी पडणारं मूल: जन्मजात प्रतिकारशक्तीचा दोष शोधायचा कसा

"डॉक्टर, याची प्रतिकारशक्तीच कमी आहे, काहीतरी टॉनिक द्या." हे वाक्य सोलापुरातल्या कुठल्याही बालरोगतज्ज्ञाला रोज ऐकावं लागतं. बहुतेक वेळा समोरचं पोरगं ठणठणीत असतं. अंगणवाडी किंवा बालवाडी सुरू झालेल्या मुलाला वर्षात सहा-आठ वेळा सर्दी, खोकला, ताप येणं नेहमीचंच. घरात शाळेत जाणारं मोठं भावंड असेल तर त्याहून जास्त. दोन आजारांच्या मधल्या दिवसांत ते खेळतं, जेवतं, वजन वाढतं आणि सर्दी आठवडाभरात आपोआप जाते. अशा मुलाचं रक्त काढू नये. टॉनिकही देऊ नये.

हा लेख उरलेल्या थोड्या मुलांसाठी आहे. जंतूंशी लढणाऱ्या पेशी किंवा प्रथिनं घडवणाऱ्या एखाद्या जनुकातच त्यांच्यात जन्मापासून बिघाड असतो. असे साडेचारशेहून अधिक आजार आजवर नोंदले गेले आहेत. निदान उशिरा होतं ते तपासण्या मिळत नाहीत एवढ्यामुळेच नव्हे. न्यूमोनिया एका दवाखान्यात बरा होतो, कान दुसरीकडे दाखवला जातो, गळू तिसरीकडे कापलं जातं आणि सगळी हकीकत एकत्र कुणाच्याच टेबलावर येत नाही. ती एकत्र आणायची, घरातल्या नात्यांची नीट चौकशी करायची आणि साधी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, लक्ष देऊन वाचायची. एवढं सोलापुरातच होतं. मुंबईतल्या मोठ्या तपासण्यांची पायरी त्यानंतरची.

शंका कधी घ्यायची

वर्षात दोनदा एक्स-रेवर दिसलेला न्यूमोनिया. वर्षात चार किंवा अधिक वेळा कान फुटणं. दोन महिने अँटिबायोटिक चालू असूनही फरक नाही, किंवा प्रत्येक आजाराला सलाइनमधून औषध द्यावंच लागतं. यकृतात, फुफ्फुसात किंवा त्वचेखाली खोलवर पुन्हा पुन्हा गळू. रक्तात जंतू पसरणं किंवा मेंदूज्वर यांसारखा गंभीर संसर्ग दुसऱ्यांदा. पहिल्या वाढदिवसानंतरही तोंडात पांढरी बुरशी. जुलाब थांबत नाहीत आणि वजनाचा आलेख आडवा पडला आहे. घराण्यात अशाच आजाराने गेलेलं मूल. यातली दोन लक्षणं जुळली तर थांबू नये.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळात मात्र वाट पाहायची नाही. न हटणारे जुलाब, तोंडातली बुरशी, धाप आणि न वाढणारं वजन हे एकत्र दिसलं की स्किड या आजाराचा विचार त्याच दिवशी करायचा. यात लढणाऱ्या टी पेशीच तयार होत नाहीत. 'दात येताहेत म्हणून जुलाब' किंवा 'दृष्ट लागली' म्हणत पंधरा दिवस घालवणं या बाळांना परवडत नाही. बोनमॅरो प्रत्यारोपण साडेतीन महिन्यांच्या आत आणि संसर्ग होण्यापूर्वी झालं तर यातली बहुसंख्य बाळं वाचतात. उशीर झाला की आकडे झपाट्याने बिघडतात.

फाइल लावा

एक साधी दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक आजाराला एक ओळ: तारीख, वय, काय झालं, कुठलं औषध किती दिवस, ॲडमिट होतं का, कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातला जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीत, काय निघालं. डिस्चार्ज कार्डं तारखेनुसार लावा. एक्स-रेच्या फिल्म टाकून देऊ नका. नवजात वयातली छातीची फिल्म सापडली तर ती सोन्यासारखी जपा, कारण त्या वयात छातीच्या मधोमध थायमस ग्रंथीची सावली दिसायला हवी आणि स्किडच्या बाळात ती नसते. माता-बाल संरक्षण कार्डावर वजनाच्या नोंदी आणि लसींच्या तारखा असतात. त्याची झेरॉक्स फाइलच्या पहिल्या पानावर.

कल्चरबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण इथे फार माहिती वाया जाते. गळू कापलं, पू पुसून टाकला, ड्रेसिंग केलं, संपलं. त्या पुवात कोणता जंतू होता हे कळलं असतं तर निम्मी दिशा तिथेच मिळाली असती. सेरेशिया, बर्खोल्डेरिया, नोकार्डिया किंवा ॲस्परजिलस बुरशी यांपैकी काही मुलाच्या गळवात, लसीकागाठीत किंवा फुफ्फुसात निघालं तर सीजीडी या आजाराची तपासणी झालीच पाहिजे. यात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जंतू गिळतात, पण मारू शकत नाहीत. लहान मुलाच्या यकृतातला स्टॅफिलोकोकसचा गळूही त्याच रांगेतला. म्हणून गळू कापण्याआधीच सर्जनना सांगा: "पू कल्चरला पाठवायचा आहे, बुरशी आणि टीबीसाठीसुद्धा."

टीबीचं आणखी एक. आपल्याकडे छातीत डाग आणि मानेला गाठ म्हणजे टीबी, हे समीकरण बहुतेक वेळा बरोबर ठरतं. पण औषधांचा कोर्स नीट पूर्ण करूनही तेच पुन्हा उद्भवलं, किंवा सीबीनॅट या टीबीच्या तपासणीत जंतू कधी सापडलाच नाही, तर तिसरा कोर्स सुरू करण्याआधी प्रतिकारशक्तीचा प्रश्न विचारलाच पाहिजे.

आजीला विचारा

वंशावळ काढणं हे डॉक्टरचं काम असलं तरी खरी माहिती आजीकडे असते. 'घरात कुणाला असा आजार आहे का?' असं विचारलं तर उत्तर 'नाही' येतं. विचारायचं असं: "आजी, तुमच्या माहेरी तान्हेपणी गेलेली मुलं होती का? मुलगे की मुली? कशाने गेली?" मग आठवतं. "माझा एक भाऊ गेला बघा, दीड वर्षाचा होता. सारखा ताप यायचा."

मुलाच्या आईकडच्या बाजूला लहानपणी गेलेले मुलगे असतील, म्हणजे मामा, आईचा मामा, मावशीचा मुलगा, तर दोष एक्स गुणसूत्रावर असू शकतो. आई स्वतः ठणठणीत असते, मुलींना बहुधा त्रास होत नाही आणि मुलगे आजारी पडतात. ब्रूटनचा आजार, विस्कॉट-आल्ड्रिच (या दोन्हींबद्दल पुढे येईल) आणि सीजीडीचा मोठा हिस्सा असाच चालत येतो.

दुसरा प्रश्न नात्यातल्या लग्नाचा. सोलापूर-अक्कलकोट पट्ट्यात, मराठी, कन्नड आणि तेलुगू बोलणाऱ्या कितीतरी घरांत मामाशी किंवा मामा-आत्याच्या मुलाशी लग्न करण्याची रीत आहे. त्यात कुणाला खाली मान घालायला लावण्यासारखं काही नाही, आणि डॉक्टरच्या स्वरातही तसं काही येता कामा नये. हिशेब मात्र स्पष्ट असावा. एका पूर्वजाकडून आलेला तोच सदोष जनुक नवरा-बायको दोघांकडे असण्याची शक्यता नात्यात वाढते. मामा-भाचीच्या लग्नात ती सख्ख्या आते-मामे भावंडांपेक्षा अधिक. दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक, मुलगा असो वा मुलगी. नात्यात लग्न झालेलं नसलं म्हणून आजार नाकारता येत नाही, हेही लक्षात ठेवा.

मुलाकडे बघा

टॉर्च आणि चमचा घेऊन घसा पाहा. वारंवार कान फुटणाऱ्या, न्यूमोनिया होणाऱ्या मुलाचे टॉन्सिल साधारणपणे मोठे असतात. दोन वर्षांच्या मुलाला इतके संसर्ग होऊनही टॉन्सिल दिसतच नसतील तर ब्रूटनचा आजार मनात आणा. यात बी पेशी नसतात, म्हणून अँटिबॉडी, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिनं, बनत नाहीत. आईकडून आलेल्या अँटिबॉडी पहिले सहा महिने बाळाला सांभाळतात आणि त्या संपल्या की आजारपणं सुरू होतात. ब्रूटन यांनी 1952 मध्ये याचं वर्णन केलं. कारण असलेला बीटीके जनुक 1993 मध्ये सापडला.

नाळ कधी पडली ते विचारा. तीन-चार आठवडे उलटूनही पडली नव्हती, बेंबी लाल झाली होती आणि तरी पू नव्हता, तर ल्यूकोसाइट ॲडहीजन डिफिशिएन्सी. इथे पांढऱ्या पेशी रक्तात भरपूर असतात, पण जखमेपर्यंत पोचतच नाहीत. डाव्या दंडावरची बीसीजीची जागा पाहा. छोटी पुळी येऊन, फुटून, काही आठवड्यांत खूण राहणं हे ठीक. काखेत एखादी गाठ येणंही निरोगी बाळात कधीकधी होतं. जखम पसरत चालली, ताप आहे, यकृत-प्लीहा वाढली, दुसरीकडेही गाठी आल्या, तर ते वेगळं प्रकरण. चंदेरी झाक असलेले केस, चालताना झोकांड्या आणि डोळ्यांच्या पांढऱ्या भागात लाल शिरा, जन्मतः हृदयदोष आणि कॅल्शियम कमी होऊन आलेल्या आकड्या, जाड इसब आणि त्यासोबत सारखी गळवं: यातल्या प्रत्येकाचा स्वतंत्र आजाराकडे रस्ता जातो. पालकांनी आजारांची नावं पाठ करण्याची गरज नाही, दिसलेली खूण सांगावी.

सीबीसी: सगळ्यात स्वस्त, सगळ्यात कमी वाचलेली

लॅबच्या रिपोर्टवर उजवीकडे 'नॉर्मल' म्हणून जो आकडा छापलेला असतो, तो बहुतेक ठिकाणी मोठ्या माणसाचा असतो. बाळासाठी तो फसवा आहे.

समजा चार महिन्यांच्या बाळाचा रिपोर्ट आहे. एकूण पांढऱ्या पेशी 9000, त्यांतल्या लिम्फोसाइट (टी आणि बी पेशी यांतच मोडतात) 18 टक्के. गुणाकार करा: 9000 चे 18 टक्के म्हणजे 1620. मोठ्या माणसात लिम्फोसाइट 1000 ते 4000 चालतात, म्हणून रिपोर्टवर लाल खूण येत नाही आणि कुणी थांबत नाही. पण वर्षाच्या आतल्या बाळात हा आकडा 3000 च्या वर हवा. त्या वयात लिम्फोसाइट निम्म्याहून अधिक असणं हेच स्वाभाविक आहे. 3000 च्या खाली आला तर लगेच दुसरी सीबीसी करा, कारण विषाणूचा ताप किंवा स्टेरॉइडनेही तो काही दिवस उतरतो. पुन्हा कमी आला किंवा बाळ आजारी दिसत असेल तर पुढच्या तपासणीला एक दिवसही घालवू नका. उलट, आकडा चांगला आला म्हणून स्किड पूर्ण नाकारताही येत नाही. काही बाळांत आईच्या पेशी मिसळून आकडा फुगतो. लक्षणं जुळत असतील तर लक्षणांवर विश्वास ठेवा.

याच कागदावर आणखी तीन ठिकाणी नजर टाका. न्यूट्रोफिलचा तसाच गुणाकार पुन्हा पुन्हा 500 च्या खाली येतोय का? पांढऱ्या पेशी संसर्ग ओसरल्यावरही तीस-चाळीस हजारांवर आहेत का? मुलाचे प्लेटलेट कमी आहेत आणि त्यांचा आकारही, म्हणजे एमपीव्ही, लहान आहे का? तिसरं फार उपयोगी. इसब आणि रक्ताचे जुलाब असणाऱ्या मुलग्यात छोटे आणि कमी प्लेटलेट दिसले तर विस्कॉट-आल्ड्रिच शोधावा. आयटीपी या नेहमीच्या आजारात प्लेटलेट कमी होतात, पण आकाराने लहान नसतात. कित्येक जुन्या रिपोर्टवर एमपीव्ही छापलेला असतो आणि कुणी पाहिलेला नसतो, म्हणून मागचे रिपोर्टही बाहेर काढा.

इतर कारणं आधी बाजूला काढा

एचआयव्ही सर्वांत आधी. ही तपासणी शासकीय रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात मोफत होते. दीड वर्षाच्या आतल्या बाळात अँटिबॉडी टेस्ट आईच्या अँटिबॉडी दाखवू शकते, म्हणून थेट विषाणू शोधणारी पीसीआर लागते. ज्या मुलात अँटिबॉडीच बनत नाहीत त्याची अँटिबॉडी टेस्ट निगेटिव्ह आली तर तिला अर्थ नाही, तिथेही पीसीआर.

मग गंभीर कुपोषण, दमा, श्वासनलिकेत अडकलेला शेंगदाणा (एकाच बाजूचा न्यूमोनिया वारंवार होत असेल तर हाच आधी), सिस्टिक फायब्रोसिस, हृदयदोष, ल्यूकेमिया. अंगाला सूज येऊन लघवीतून प्रथिनं जाणाऱ्या मुलात अँटिबॉडीही वाहून जातात. म्हणून आयजीजी, म्हणजे रक्तातली मुख्य अँटिबॉडी, कमी आली की सोबत अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन पाहावं. दोन्ही कमी म्हणजे गळती. फक्त आयजीजी कमी म्हणजे बनण्यात अडचण.

आयजीजी, आयजीए, आयजीएम, आयजीई

अँटिबॉडीच्या या चार प्रकारांची तपासणी एकत्र मागवा. सोलापुरातल्या मोठ्या लॅब नमुना बाहेर पाठवून का होईना, हे करतात. इथेही छापील नॉर्मलची तीच गफलत, फक्त उलट्या दिशेने. मोठ्या माणसाची आयजीजी साधारण 700 ते 1600 असते. सहा महिन्यांच्या बाळाची 400 आली की लाल खूण येते आणि घरात रडारड, पण त्या वयात 400 योग्यच. तीन ते सहा महिने हा आकडा सर्वांत खाली असण्याचा काळ. वयानुसार तक्ता समोर ठेवूनच वाचावं. काही बाळांत अँटिबॉडी बनायला उशीर होतो आणि दोन-चार वर्षांत भरपाई होते. तिथे धीर धरणं हाच उपचार. आयजीए एकटीच कमी असलेली पुष्कळ माणसं काहीही त्रास न होता आयुष्य काढतात. आयजीजी, आयजीए, आयजीएम तिन्ही फार कमी, किंवा आयजीजी 200 च्या खाली, हे मात्र गंभीर. आयजीएम भरपूर आणि बाकीच्या नाहीत, हेही गंभीर.

आकडे बरे असून संसर्ग थांबत नसतील तर धनुर्वाताच्या लसीनंतर त्याविरुद्धची अँटिबॉडी बनली का, ते तपासतात. नुसत्या अँटिबॉडी असून उपयोग नाही, त्या कामाला हव्यात.

रक्त किंवा आयव्हीआयजी देण्यापूर्वी नमुना

अत्यवस्थ बाळाला अतिदक्षता विभागात आयव्हीआयजी, म्हणजे दात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटिबॉडीचं इंजेक्शन, दिलं जातं, रक्त चढवलं जातं. जीव वाचवायला ते लागतं. पण त्यानंतर आयजीजी तपासली तर ती हजारो दात्यांची असते, आणि तीन-चार महिने त्या आकड्यावर विसंबता येत नाही. म्हणून बाटली लावण्याआधी दोन-तीन मिली रक्त वेगळं काढून ठेवा. पालकांनी एवढंच विचारावं: "नमुना घेतला का?"

स्किडची शंका असलेल्या बाळाला रक्त द्यायचं असेल तर ते किरणोत्सार केलेलं आणि पांढऱ्या पेशी गाळलेलं हवं. दात्याच्या जिवंत पेशी अशा बाळाच्या शरीरावर हल्ला करतात आणि ते प्राणघातक ठरतं. केसपेपरवर ही सूचना मोठ्या अक्षरात लिहून घ्या. रात्रपाळीच्या डॉक्टरला हकीकत माहीत असेलच असं नाही.

मुंबईचा टप्पा

पेशी मोजण्याची तपासणी फ्लो सायटोमेट्रीवर होते: टी पेशी किती, बी किती, एनके किती. सीजीडीसाठी डीएचआर. पेशी जंतू मारण्याचं रसायन बनवतात की नाही, ते तीत कळतं. एक्स गुणसूत्रावरच्या सीजीडीत आईचाही नमुना पाठवला तर तिच्या पेशींचे दोन गट वेगवेगळे दिसतात, एक काम करणारा आणि एक न करणारा. जनुकाचा रिपोर्ट येण्याआधीच वारशाची दिशा कळते.

या तपासण्यांसाठी परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे, आणि जवळच वाडिया बाल रुग्णालय. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघून सकाळी दादरला उतरलं की परळ जवळच. शक्य असेल तर मूलच न्यावं. नमुना पाठवायचा असेल तर आधी फोन करून नळी कोणती ते विचारा. पेशी मोजायला साधारणपणे जांभळ्या टोपणाची, डीएचआरला हिरव्या टोपणाची. डीएचआरसोबत त्याच वेळी काढलेला निरोगी माणसाचा नमुनाही जातो, म्हणजे प्रवासात बिघाड झाला तर कळतं. नमुना 24 तासांत पोचावा. बर्फात ठेवायचा नाही आणि एप्रिल-मेच्या सोलापुरी उन्हात गाडीतही ठेवायचा नाही. शुक्रवारी काढलेलं रक्त रविवारी बंद लॅबच्या दारात पडतं, म्हणून सोमवार ते बुधवार बरा.

जनुकीय तपासणी यानंतर. हल्ली काही पालक थेट एक्सोम, म्हणजे सगळ्या जनुकांची एकत्र तपासणी, करून येतात आणि हाती 'अनिश्चित महत्त्वाचा बदल' असं लिहिलेला कागद असतो, जो वाचून झोप उडते आणि निदान होत नाही. पेशींच्या तपासणीने कुठल्या जनुकाकडे बघायचं हे ठरलं की तोच कागद बोलू लागतो. आई-वडिलांचे नमुने सोबत दिले तर आणखी. जनुकात काही सापडलं नाही म्हणून आजार नाही, असंही नसतं.

निदान होईपर्यंत

गंभीर दोषाची शंका असताना जिवंत लसी थांबवा: बीसीजी, तोंडावाटे पोलिओ, रोटाव्हायरस, गोवर-रुबेला. पोलिओ रविवारी घरी येणाऱ्या ताईंनाही हे सांगायचं, डॉक्टरची चिठ्ठी दाखवून. घरातल्या इतर लहान मुलांनाही थेंबांऐवजी इंजेक्शनवाली पोलिओ लस द्यावी. मृत जंतूंच्या लसींनी अपाय होत नाही. आपलं मूल निरोगी असेल तर मात्र या परिच्छेदाचा त्याच्याशी संबंध नाही. त्याच्या लसी वेळेवर द्या.

खर्चाचं: राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरण, 2021 मध्ये स्किड, सीजीडी आणि विस्कॉट-आल्ड्रिच हे प्रत्यारोपणाने बरे होणाऱ्या गट 1 मध्ये आहेत. मदतीची मर्यादा 2022 मध्ये 50 लाखांपर्यंत वाढवली गेली, आणि मुंबईत केईएम हे त्यासाठीचं उत्कृष्टता केंद्र आहे. अर्ज केंद्रामार्फतच जातो, त्यामुळे निदानाची कागदपत्रं तिथेच पूर्ण करून घ्या.

पुढचं बाळ

नेमका जनुक कळला असेल तर पुढच्या गरोदरपणात 10 ते 13 आठवड्यांच्या दरम्यान वारेचा अंश काढून गर्भाची तपासणी करता येते. एक्स गुणसूत्रावरच्या आजारासाठी अशी तपासणी कायद्याला मान्य आहे, नोंदणीकृत केंद्रातच. पहिलं मूल निदान होण्याआधीच गेलं असेल तर आई-वडिलांचे नमुने तरी तपासून ठेवा. यातलं काहीच झालं नसेल तर प्रसूती कुठे होणार तिथे आठव्या महिन्यातच लेखी कळवा: जन्मतः सीबीसी आणि पेशींची तपासणी करायची, नाळेचं रक्त चालतं, आणि रिपोर्ट येईपर्यंत बीसीजी आणि पोलिओचे थेंब द्यायचे नाहीत. प्रसूतिगृहात लसी पहिल्या दिवशीच दिल्या जातात, त्यामुळे ही चिठ्ठी आईच्या कार्डाला पिन मारून ठेवा.